ओडीलची भट्टी

लायडन, रविवार

प्रिय वैदू,

बँकेतली नोकरी सोडून मातीकाम शिकायला जायचं तू ठरवलंयस, हे मला आधी तुझ्याकडून कळलं आणि मग बाबांकडून, जरा वरच्या पट्टीत. उत्तराला उशीर झाला, कारण फ्रान्समधली कॉन्फरन्स संपल्यावर सुट्टी काढून मी जवळच्या एका गावात राहिले. ते कुंभारांचं गाव आहे हे तिथे गेल्यावर कळलं. खरंच.

खोली बेकरीच्या वर होती. इथे लायडनला शेजाऱ्यांकडे कॉफीला जायचं तरी आधी तारीख ठरते. तिथे दुसऱ्याच सकाळी बेकरीवाल्या बाईंनी पावांची टोपली माझ्या हातात दिली आणि मला ओडील नावाच्या कुंभारणीकडे पिटाळलं. त्या दिवशी तिची भट्टी उघडायची होती, आणि तीत गावातल्या इतरांचीही भांडी होती. ओडील साठीतली बाई, केसांत राख. मी सेन्सर तपासते हे ऐकून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मग आज सुट्टी घे. रांगेत उभी राहा."

भट्टीचं तोंड विटांनी बंद केलेलं होतं. विटा निघत गेल्या तशी माणसं ओळीने उभी राहिली: दोन चित्रकार, पोस्टमन, शाळेतल्या बाई, आणि मध्ये मी. भांडी हातोहात बाहेर येऊ लागली, अजून कोमट. कुणी मला ओळखत नव्हतं, तरी प्रत्येक जण आपलं भांडं बिनधास्त माझ्या हातात देत होता. प्रयोगशाळेतही मी इतका श्वास रोखून धरत नाही.

मग ओडीलचा मोठा रांजण आला, दोन तुकड्यांत. कित्येक महिन्यांचं काम. आमच्या प्रयोगशाळेत असं झालं की बैठक होते आणि दोष कुणाचा ते ठरतं. पोस्टमन म्हणाला, "अर्धाच मागितला होता का गं कुणी?" सगळ्यांत मोठ्याने ओडीलच हसली. मग बाहीने डोळे पुसले, सगळ्यांसमोर. तुकड्यांत तळाशी राख वितळून काच झाली होती, खोल हिरवी. एकेक जण वाकून बघत होता, देवळात वाकावं तसा. मीही वाकले. त्या रंगाला माझ्याकडे शब्द नाही, आणि माझं मराठी कच्चं नाही हे तुला ठाऊक आहे. जेवण झाल्यावर ओडील नवी माती मळायला बसली.

बाबा मला म्हणाले होते, "ती तुझंच ऐकते. चार ओळी लिही, डोकं ठिकाणावर आण तिचं." त्या ओळी लिहायलाच आज बसले होते. लिहवत नाहीत. तुझीही भांडी फुटतील आणि तू रडशील. तरी जा. बाबांना मी संध्याकाळी फोन करते. ते चिडतील आणि फोन आईकडे देतील. आईला काय सांगायचं, ते अजून ठरत नाहीये.

या वेळी फक्त तुझीच,
ताई