मापाचा ब्लाउज

आई, काकीने माझ्या पिशवीतून माझा ब्लाउज काढून कपाटात कोंबला आणि त्याच्या जागी तिच्या मुलीचा नीट घडी करून ठेवला, तेव्हा माझं सगळं बदललं. गेल्या रविवारची गोष्ट. माझं लग्न ठरलंय ना, बाहेर ओटीवर त्याची बहीण चहा पीत बसली होती, माप न्यायला आली होती. लग्नातल्या साड्या त्यांच्याकडून, म्हणजे त्यांवरचे ब्लाउजही त्यांनीच शिवायचे, महाडच्या बाजारपेठेतल्या त्यांच्या नेहमीच्या टेलरकडे. त्यासाठी नवरीने आपल्या अंगाला नीट बसणारा एक ब्लाउज मापाला द्यायचा. हे तुला वेगळं सांगायला नको. मी माझा निळा दिला होता, त्यातल्या त्यात नवा. काकीने तो उलगडून स्वतःसमोर धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "अगो, हा त्यांच्या घरात सगळ्यांच्या हातातनं फिरणार हाय. टेलरच्या टेबलावर पसरणार. कळतंय का तुला?" मी म्हटलं, मी तेवढीच आहे काकी. "हायस गो. पण सांगत कशाला सुटायचं? लग्नाला अजून वेळ हाय. तोवर होशील तेवढी." आणि कॉलेजात सगळ्यांसमोर एका पोराच्या डोक्यात स्टीलचा जग घालणारी मी, गप्प उभी राहिले. त्याच्या बहिणीला हसून अच्छा केलं. पिशवी हातात घेऊन ती उतारावरून खाली जाताना मला दिसत होती, आणि मला वाटत होतं की आपल्या घरातून दुसरीच कुणी पोरगी लग्नाला निघालीय आणि मी तिला निरोप द्यायला दारात उभी आहे.

काकीचा राग धरू नकोस. तू गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि ती जे करते ते भीतीपोटी करते. तूही तेच करायचीस. तुझ्या लग्नातली गोष्ट तूच मला सांगितली होतीस, स्वयंपाकघरात, तांदळाची भाकरी थापता थापता. तुडीलला, तुझ्या माहेरी, आजीने तुझ्या धाकट्या बहिणीचा ब्लाउज मापाला दिला होता, तोवर पोरगी बारीक होईल म्हणून. लग्नाच्या दिवशी तो तुझ्या अंगात शिरेना. हुक लागले नाहीत, बायकांनी मागून पिना टोचल्या आणि दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटला. वैशाखातलं ऊन, आणि तुला ताकीद की हात वर करायचा नाही. हार घालायच्या वेळी तुझे हात खांद्याच्या वर जाईनात, म्हणून बाबा वाकले, आणि सगळा मांडव कौतुकाने म्हणायला लागला, नवरा बघा किती नम्र हाय. हे सांगताना तू इतकी हसलीस की तुझ्या हातातली भाकरी फाटली. मीपण हसले. तेव्हा मला ती गंमतच वाटली होती. फाटकी भाकरी तू माझ्या ताटात टाकलीस आणि स्वतः कोरा चहा घेऊन बसलीस, कारण सोमवार होता. तुझे वार फार होते आई. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी. मी विचारलं होतं, देव एवढे उपास मागतो का? तू चुलीत बघत म्हणालीस, "देवाला काय करायचंय माझ्या उपाशी राहण्याशी, बाय. माझं मलाच जरा कमी व्हायचंय."

मलाही तू कमी करायला बघत होतीस. दुसऱ्या भाकरीला हात घातला की तुझी नजर त्या हातावर यायची. बोलायची काही नाहीस, नजर मात्र यायची. माझे फ्रॉक सगळे काळे नाहीतर गडद चॉकलेटी. अंगावर खरूज उठली तेव्हा मला सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर घेऊन गेलीस, आणि बाकीच्या बायका आंघोळ करून, केस पुसून, आपापल्या पिशव्या भरून निघून जाईपर्यंत आपण दोघी झाडाखाली थांबलो. मी सारखी विचारत होते, चल ना, आता चल ना. सगळ्या गेल्यावर तू मला पाण्यात सोडलंस. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, इकडेतिकडे बघून तूही साडीसकट उतरलीस. गळ्यापर्यंत पाण्यात बसून तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, इथं कसं अंग असल्यासारखंच वाटत नाय. माझं नेमकं उलट झालं होतं. मला त्या गरम पाण्यात माझं अंग पहिल्यांदा नीट कळलं, पाठ, मांड्या, पोट, सगळं एकदम. छान वाटलं. पण ते तुला सांगावं असं वाटलं नाही.

आता ते लिहिते ज्यासाठी बसले आहे. मी सातवीत होते तेव्हा तू बारीक व्हायला लागलीस. आधी गालांवरून, मग दंडांवरून. पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, काय गो, काय खातेस काय, आम्हालाबी सांग. काकी म्हणाली, आता कशी दिसायला लागलीस बघ. पोलादपूरच्या बाजारात तुझी जुनी मैत्रीण भेटली, तिने तुला आधी ओळखलंच नाही, आणि त्या एका गोष्टीवर तू घरी येईपर्यंत चढावर गाणं गुणगुणत होतीस. तुझे सगळे ब्लाउज तू आत घेतलेस. दुपारी उंबऱ्यात उजेडाला बसून टाके घालायचीस, आणि एकेक झाला की अंगात घालून कपाटाच्या आरशासमोर उभी राहायचीस, मला हाक मारायचीस, बाय, मागनं बघ, सैल वाटतो का अजून? जेवण जात नव्हतं ते तू कुणाला बोलली नाहीस. पोटात दुखायचं तेही बोलली नाहीस. मला दिसत होतं, रात्री मूठभर भात तसाच ताटात राहायचा. पण घरात पहिल्यांदाच कुणी खात नाही म्हणून आनंद होता, त्यात मी काय बोलणार? बाबा मुंबईहून गणपतीला आले, तुझ्याकडे बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी गुलाबी साडी आणली. आई, मी तुला इतकं सुखात कधीच पाहिलं नव्हतं. मला राग येतो तो याचा. तुझ्या मरणाचा तर येतोच, पण तू त्या मरणाला टाके घालून आरशासमोर उभी राहत होतीस आणि आम्ही सगळे तुला वा वा करत होतो, त्याचा जास्त येतो.

मग एका सकाळी तुला उठताच येईना. गणपती होऊन गेलेले, वाडीतले पुरुष परत मुंबईला. काका महाडला कंपनीत पहिल्या पाळीला. वाडीवर म्हातारे, बायका आणि आम्ही पोरं. डोली होती, पण ती खांद्यावर घ्यायला माणसं कुठली? काकी दोन म्हाताऱ्यांना हाका मारत होती, ते काठ्या टेकत अंगणात येऊन नुसते उभे. मी म्हटलं, मी घेते. काकी म्हणाली, तू पोर. मी म्हटलं, पोर आहे, पण बारीक आहे का? हे मी रागाने म्हटलं होतं, सगळ्यांवरच्या. आणि तुला पाठीवर घेतलं, काकीने आपल्या जुन्या साडीने तुला माझ्या कमरेशी बांधलं, आणि मी पायवाटेने खाली रस्त्यापर्यंत तुला नेलं. वाट तुला माहीत आहे, मधला तो खडकाचा उतार. तिथे माझे पाय घट्ट बसत होते. ज्यांना सगळा वर्ग हसायचा ते हे माझे पाय, तेच तेव्हा डगमगत नव्हते. मध्येच तुझं तोंड माझ्या कानापाशी आलं आणि तू विचारलंस, "बाय, मी जड तर नाय ना होत तुला?" मी म्हटलं, नाय गो, हलकी झालीस. आणि तू हसलीस. तुझा श्वास माझ्या मानेला लागला म्हणून कळलं. त्या उतारावर, तशा अवस्थेत, तुला ते ऐकून बरं वाटलं. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं, मुंबईत सांगितलं की फार उशीर झाला. तू गेल्यावर तुला ती गुलाबी साडी नेसवली तेव्हा कुणीतरी बाई म्हणाली, कशी लग्नातल्यासारखी दिसते. ते खोटं होतं. लग्नात तू पिनांमध्ये उभी होतीस.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. गॅदरिंगच्या नाचात मला मागच्या रांगेत घातलं, मग म्हणाले स्टेज लहान पडतंय, तू पडद्यामागून निवेदन कर. तेही केलं. मधल्या वेळात पाणी प्यायला बाहेर आले तर एक जण मोठ्याने ओरडला, बाजू द्या, ट्रक रिव्हर्स येतोय. पाण्याचा जग हातातच होता. माफीनामा लिहून दे म्हणाले, मी दिला नाही, परत गेलेही नाही. काकी अजून म्हणते, तोंड आणि हात बंद ठेवले असतेस तर पदवी झाली असती. झाली असती. आता पोलादपूरला झेरॉक्सच्या दुकानात असते, आणि तिथेच तो भेटला. कंपनीत ऑपरेटर आहे, कसल्याशा कागदांच्या प्रती काढायला आला आणि मग प्रती काढायला सारखाच यायला लागला. मला हसवतो गं तो. माझा राग त्याला आवडतो, म्हणतो, तू चिडलीस की ट्रान्सफॉर्मरसारखी गुणगुणतेस. दासगावला खाडीच्या काठी आम्ही किती संध्याकाळी बसलो असू. माझा हात हातात घेऊन म्हणायचा, किती मऊ आहे. खरं म्हणायचा, मला खरं-खोटं कळतं. पण परत येताना बाईक महाडच्या नाक्याच्या अलीकडेच थांबायची, कारण नाक्यावर त्याचे मित्र असतात. मी उतरायचे आणि बाकीचं, एसटी स्टँडपर्यंत, चालायचे. वर्षभर चालले. मला वाटायचं, लग्न ठरेपर्यंत लोक असंच करतात. साखरपुड्यात फोटोग्राफरने जोडीने उभं राहायला सांगितलं, तर त्याने एक खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, हिच्यावर हात ठेवून उभी राहा, छान पोज येते. फोटोत मी खुर्चीच्या मागे आहे. छान पोज आली आहे.

काल फोन करून मी त्याला सांगितलं की दिलेला ब्लाउज माझा नाही. आज दुपारी त्याची आई आणि बहीण टेलरकडे कापड घेऊन जाणार आहेत, टेलर ते बेतायला घेणार. मी म्हटलं, मी तिथे येते, अंगावर माप देते. तो आधी हसला. मग म्हणाला, त्या टेलरला सवय आहे, टेप लावला की आकडे मोठ्याने सांगतो, बाजूचा पोऱ्या लिहून घेतो, दुकान भर बाजारात आहे, चार लोक बसलेले असतात. मी म्हटलं, माहीत आहे. त्यासाठीच तर सगळ्या जणी ब्लाउज पाठवतात. मग तो अगदी मायेने म्हणाला, "मला तू अशीच आवडतेस, देवाशप्पथ. पण ते सगळ्यांना ऐकवायची काय गरज आहे?" मी विचारलं, अशी म्हणजे कशी? त्याला तो शब्द उच्चारता येईना. इतकं प्रेम करतो आणि एक साधा शब्द तोंडातून निघत नाही. मी म्हटलं, जाड. म्हण. जाड. तो म्हणाला, आईसमोर दुकानात तमाशा केलास तर मला विचार करावा लागेल. मी म्हटलं, कर, आणि फोन ठेवला, आणि मग रडले, कारण मला तो हवा आहे आई. या क्षणीही हवा आहे. तू मला विचारलंस की त्याच्यात एवढं काय आहे, तर मला सांगता येणार नाही.

काकीला आज सकाळी सांगितलं. ती चुलीपुढून उठलीच नाही. "मोडेल हां," एवढंच म्हणाली. "जाडी पोरगी, कॉलेज सोडलेली, वर मोडलेलं लग्न. मग कोण येणार गो तुला बघायला?" मी म्हटलं, न आले तर न येऊ दे. पण लग्नाच्या दिवशी हात वर करता आले पाहिजेत मला. ती माझ्याकडे बघत राहिली. तुझ्या मागे त्या पिना टोचणाऱ्यांत तीही होती का, हे मला कधीच विचारता आलेलं नाही. मग पदराला हात पुसून तिने कपाट उघडलं, कोंबलेला निळा ब्लाउज शोधला आणि माझ्या पुढ्यात टाकला. तो नको आहे म्हटलं. मी स्वतःच चालले आहे.

मला माझं अंग आवडतं, असं लिहावं असं वाटत होतं, पण खोटं पडेल. कधी आवडतं, कधी दुकानाच्या काचेत अचानक दिसलं की मी मान वळवते. पण ते माझं आहे आणि ते कुणाच्या तरी मापात बसवण्यासाठी मी आजारी पडायची वाट बघणार नाही. तू सुखात होतीस त्या महिन्यांसारखं सुख मला नको. तुझ्याशी हे भांडण मी आत्ताच करू शकते, कारण तू उलट बोलणार नाहीस, आणि हे कुणाला पाठवायचं नाही. काकीला वाचता येतं, म्हणून घडी करून माझ्याच पर्समध्ये ठेवीन.

एक मात्र सांगून टाकते. सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही. काकीने दोन भाकऱ्या झाकून ठेवल्या आहेत, शेजारी सुकटीची चटणी, वास इथपर्यंत येतोय. भूक लागली आहे. तरी खाल्लं नाही, कारण टेप लावताना पोट जरा आत राहील, पोऱ्याला सांगितलेला आकडा जरा कमी येईल. एवढं सगळं लिहून झालं, आणि तरी मनात हेच होतं. आता खाते. एक भाकरी उभ्याने इथेच खाते, दुसरी रुमालात बांधून घेते, एसटीत खाईन. गाडी यायची वेळ झाली आहे. चप्पल घातली. पर्स घेतली. हे घडी करून तिच्यात टाकते, बाहेर पडते, आणि दार मागे ओढून घेते.