काका, म्हणजे वडील

वहिनी, या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : माझ्या नातीच्या व्हिसाच्या अर्जात जी चूक झाली ती नातीची नव्हती, अर्ज भरणाऱ्या एजंटाचीही नव्हती; ती तुझी होती. तू माझी आई असताना मी तुला वहिनी का म्हणते, हे तुला सांगायला नको. तरी युक्तिवादात गृहीतके आधी मांडावीत. तुझे चार दीर तुला वहिनी म्हणत, ते ऐकूनच मी बोलायला शिकले, आणि तू मला अडवले नाहीस. तीच रीत माझ्या घरात आली. माझ्या मुलाला त्याचे पुतणे काका म्हणतात, म्हणून त्याची स्वतःची मुलगीही काकाच म्हणते. मी जन्मभर तर्कशास्त्र शिकवले, विद्यार्थी घरी येत. त्यांचे ऐकून माझा मुलगाही मला बाईच म्हणतो.

नातीला बियाण्यांचे शास्त्र शिकायला परदेशात जागा मिळाली. व्हिसा नाकारला गेला, तर ती जागा जाणार. मुलाखत आठवड्यावर आली तेव्हा मी अर्ज तपासायला घेतला. वडिलांच्या रकान्यात माझ्या मुलाचे नाव. खर्च करणाऱ्याच्या रकान्यातही तेच नाव, तोच पत्ता, आणि पुढे नाते : काका. म्हणजे माझा मुलगा स्वतःचाच भाऊ ठरला होता. आम्ही तिघे जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानावरच्या माडीत, एजंटाकडे गेलो.

“बाई, पोरीनंच फोनवर सांगितलं, खर्चा काका करून राह्यले म्हणून,” तो म्हणाला. “मंग मी काय मनानं बाप लिहू?” मग माझ्या मुलाकडे वळून, “साहेब, तुम्हीच बराबर सांगा. काका का बाप?”

“दोन्ही,” माझा मुलगा म्हणाला. एकच गोष्ट आहे आणि नाही असे एकाच वेळी म्हणता येत नाही, हे ज्याला मी वरणभाताबरोबर भरवले, त्याचे हे उत्तर.

अर्ज नव्याने भरला गेला. कागद सुधारला, जीभ उरली. मुलाखतीत तिच्या तोंडून ‘काका’ निसटला, तर सुधारलेला कागदच खोटा ठरेल. म्हणून मी घरात फर्मान काढले : आजपासून बाबा. नात म्हणाली, “बाबा, चहा.” मुलाने वर्तमानपत्र खाली केले आणि दाराकडे पाहिले. “कोण आलंय?”

तेव्हा मला आष्टीची शाळा आठवली. गुरुजी म्हणतात, उद्या आईला घेऊन ये. मी म्हणते, “मला आई न्हाई. वहिनी हाय.” गुरुजींचे डोळे भरतात, आणि मधल्या सुट्टीत ते मला रोज गुळाचा खडा देऊ लागतात. मी गूळ खाल्ला. माझे विधान माझ्या मते खरे होते. तुला बातमी लागली तेव्हा तू पिठाच्या हातानेच शाळेत आलीस. “जित्ती हाय मी, गुरुजी! हिचा गूळ बंद करा.” परतताना वाटेत म्हणालीस, “लोकांपुढं तरी आई म्हनत जा गं.” मी विचारले, चौघांचे वहिनी बरोबर, तर माझेच चूक कसे? तू हसलीस. “लई वकील झालीस,” म्हणालीस. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस.

आज दुपारी मुंबईहून फोन आला. व्हिसा मिळाला. “आजी, खर्चाचं त्यांनी विचारलंच न्हाई! नुसतं बियाण्याचंच विचारून राह्यले!” मग मुलाने फोन घेतला. तो वकिलातीबाहेर गर्दीत उभा होता, ती दारातून येताच “काका!” अशी ओरडली, आणि तेवढ्या माणसांतून तो एकटाच धावला. “बाबा म्हणली असती, तर मी बघतच राह्यलो असतो, बाई.”

माझा युक्तिवाद इथे कोसळतो. ज्या हाकेला नेमका हवा तोच माणूस धावतो, तिला चूक म्हणता येत नाही. हे पत्र लिहायला बसले तेव्हा वर आधी ‘आई’ लिहिले होते. बराच वेळ त्या शब्दाकडे पाहिले, कोण आलंय म्हणून. मग तो खोडून वहिनी लिहिले. खाडाखोड तशीच आहे. तू गेल्यापासून तुला पत्ता उरलेला नाही, हे पत्र टपालात पडणार नाही, तेव्हा नव्याने उतरवून काढत नाही.

कबुली : आरंभीचे विधान सिद्ध झाले नाही. चूक एकच, आणि ती माझी. त्या वाटेवर तू एक हाक मागितली होतीस. मी युक्तिवाद दिला.

(सही)
नाते : मुलगी