घरचा रेग्युलेटर

ती. सासूबाई,

हे पत्र मी पाठवणार नाही, नाहीतर तुम्ही डोक्यावर बसाल.

पाण्याखाली श्वास पुरवणारे रेग्युलेटर तुम्ही आपल्या जेवणाच्या टेबलावर उघडता. पांढऱ्या फडक्यावर सुटे भाग मांडून एकेक रबरी रिंग उजेडात धरता, तेव्हा मिक्सर लावायचीही माझी छाती होत नाही. इथले सगळे पाणबुडे तुमच्या भरवशावर खोल पाण्यात उतरतात. मीही उतरते, पण माझा रेग्युलेटर तेवढा तुम्ही दुरुस्तीच्या दुकानात पाठवता. एकदा मी फणकाऱ्याने विचारलं, "सून म्हणजे परकीच ना?"

तुम्ही हसलात. "वेडे, परक्याच्या कामात हात स्थिर राहतो."

मला ते तोंडदेखलं वाटलं.

तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून तुमची गिऱ्हाइकं मीच सांभाळतेय. तुम्ही शिकवलंत तसंच करते, अजून कुणाची तक्रार नाही. काल म्हटलं, तुम्ही यायच्या आत तुमचा स्वतःचाही रेग्युलेटर साफ करून ठेवावा. फडकं अंथरलं, झाकण सैल केलं आणि हात असा थरथरायला लागला की आतली स्प्रिंग उडून थेट फ्रिजखाली गेली.

तुमचा रेग्युलेटर दुकानात दिलाय. कारण विचारू नका.

तुमची,
सून