एक नंबर लहान

मंगळवार, १४ तारीख

प्रिय ताई,

इकडे आम्ही सगळे ठीक. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे, कुरकुरही तशीच. घडलेलं आधी क्रमाने लिहिते. तसं नाही लिहिलं तर हात थांबतो.

१. घरच्या ग्रुपवरची चालण्याची शर्यत तू जिंकलीस. हे बूट तुझं बक्षीस.

२. बूट मी मुद्दाम एक नंबर लहान घेतले. ते चावतील आणि तू आतली गादी उचलून बघशील, असा हिशोब होता. तू हे वाचते आहेस, म्हणजे हिशोब जमला.

३. ती शर्यत तू चाललेली नाहीस.

आत्ता जवळ कोणी असेल तर कागद परत आत घाल, बूट चावतात म्हणून माझ्या नावाने खडे फोड आणि नंतर वाच.

लबाडीचं मला काही नाही. आपल्याकडे धुतल्या तांदळासारखं कोण आहे? आत्या टीव्हीसमोर बसून हात हलवते. बाबांनी पावलं मोजायचा आपला बँड शेजारच्यांच्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला, आणि पकडले गेल्यावर म्हणतात कसे, "बिस्किटं मी घालतो, पावलं माझीच!" त्यामुळे तुझी पावलं भावोजींच्या पावलांइतकीच यायला लागली, तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, ही आळशी नवऱ्याच्या हातात दोन बँड बांधून स्वतः लोळत पडली असणार.

पण बँड चढलेले मजलेही मोजतो, हवेच्या दाबावरून. दाबमापक तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून तो रकाना मी बघते. बाकी कोणी ढुंकूनही बघत नाही. भावोजी ऑफिसात जेवढे जिने चढत होते, तेवढेच तुझ्याही नावावर पडत होते.

मी ग्रुपवर लिहिलं, "ताई, भावोजींच्या ऑफिसात चिकटलीस की काय? जिनेसुद्धा सारखेच!" बाबा म्हणाले, "चोर सापडला!" आत्या म्हणाली, "माझ्या पंगतीत ये गं बाई." भावोजींनी हसरा चेहरा टाकला.

दुसऱ्या दिवसापासून आकडे वेगळे यायला लागले. तुझी पावलं तुझी झाली. मजले मात्र शून्य, आणि तेव्हापासून रोज शून्यच. तू चौथ्या मजल्यावर राहतेस. तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

कागद भरला. पुढचं उजव्या बुटात.

*

म्हणजे बँड आता खरोखरच तुझ्या हातावर आहे आणि तू दाराबाहेर पडत नाहीस. मग ही पावलं घरातल्या घरात कोण घालायला लावतं, हे मला विचारायचं आहे. नाही, विचारायचं नाही. मला ते कळलं आहे.

मी चुकते आहे का, हे तपासायला परवा फोनवर तुला विचारलं, "तुमच्या दारापुढचं खोदकाम संपलं का गं?" तू म्हणालीस, "हो, संपलं की." ताई, खोदकाम मी मनाने रचलं होतं. तुमचा रस्ता कोणी खोदलेलाच नाही. फोन ठेवल्यावर मी खोलीतल्या खोलीत इतक्या फेऱ्या मारल्या की त्या दिवशी शर्यत मीच जिंकले असते. हे कोणाला सांगू नकोस.

शर्यत मीच सुरू केली होती, तू जरा बाहेर पडावीस म्हणून. आणि ग्रुपवरची ती थट्टाही माझीच. त्या थट्टेची तुला काय किंमत मोजावी लागली, ते मला माहीत नाही. मागच्या व्हिडिओ कॉलवर तू इतक्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होतास. मी पाहिलं, आणि बाबांच्या गुडघ्याबद्दल बोलत राहिले.

तुला न विचारता मी येऊन थडकणार नाही. आत्या तुमच्याकडे अचानक आली होती, ती परत गेल्यावर तुझा फोन किती दिवस बंद होता, ते विसरलेले नाही. म्हणून हा द्राविडी प्राणायाम. बूट घातलेला फोटो मी ग्रुपवर सगळ्यांसमोर मागितला आहे. त्यामुळे भावोजींना बूट तुला द्यावेच लागतील आणि फोटो काढू द्यावाच लागेल.

भावोजी, हा कागद तुमच्या हाती लागला असेल तर एवढंच: याची प्रत माझ्या वकील मैत्रिणीकडे आहे. ताईला काही झालं तर ती कुठे द्यायची, हे तिला ठाऊक आहे.

ताई, परीक्षेच्या दिवशी तू माझ्या बुटात चिठ्ठी घालायचीस. "घाबरू नकोस. आधी सोपं सोडव." मी पेपर संपेपर्यंत ती टाचेखाली दाबून ठेवायची. घाबरायचं काही मी तेव्हाही सोडलं नाही, पण सोपं आधी सोडवायला शिकले. तर सोपं हे आहे:

फोटोत डाव्या बुटाची नाडी सुटलेली असली, तर शनिवारी सकाळी मी दाराशी असेन. एकटी नसेन. पोलिसांना बरोबर घेऊन येईन. दोन्ही नाड्या बांधलेल्या असल्या तर येणार नाही, पुढच्या निरोपाची वाट बघेन. फोटोच आला नाही, तर नाडी सुटली आहे असं समजेन.

कागद फाडून पाण्यात सोडून दे.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोटो पाठव.

तुझी,
मोजपट्टी