उगवतीकडच्या पायऱ्या

मेडशी एसटी स्टँड
१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

वर्षाराणी,

तुमच्याकडचा सलाम आणि आमच्याकडचा रामराम, दोन्ही घे. हॉस्टेलच्या वॉर्डनबाई पत्रं फोडून वाचत असतील तर त्यांनाही एक नमस्कार. बाई, यात वावगं काही नाही, पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

नागपूर मानवलं का? मेसचं जेवण कसं आहे? तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून स्टँडवरच्या दुकानातून वही घेतली. बरंच झालं म्हणा. फोनवर मी दोन मिनिटांत भांडण उकरून काढतो. कागदावर तेवढ्या वेळात तुझं नावच जेमतेम लिहून होतं.

बातमी अशी की तुमच्या चर्चचं जोतं वर आलं. आणि ते उलटं आलं. आणि मी काम सोडून चाललो.

मे महिन्याच्या वादळात चिंच कोसळून चर्च पडलं तेव्हा तू गावातच होतीस. पण नंतर जेसीबीवाल्यानं मलबा उचलताना जुन्या पायाचा एक दगडही जागेवर ठेवला नाही, ते तू पाहिलं नसशील. खळ्यासारखं साफ मैदान करून टाकलं. वाशिमहून पास्टर आले, त्या मैदानात उभं राहून प्रार्थना केली आणि गेले. तुझे बाबा तुला नागपूरला पोहोचवायला गेले ते तिकडूनच वर्ध्याच्या, अमरावतीच्या मंडळ्यांकडे देणगी मागत फिरले. बाकीची सगळी घरं सोयाबीन काढण्यात. राहिलो आम्ही दोघं, रहमतुल्ला मिस्त्री आणि मी.

मिस्त्रीनं आखणी केली. तू म्हणशील, सिव्हिलचं अर्धं शिक्षण घेऊन बसलेला तू काय करत होतास? मी आखणीच्या रेघांवर चुन्याची फक्की टाकत होतो. दार पूर्वेला, वेदीचा ओटा पश्चिमेला. खरं सांगतो, मनात शंकासुद्धा आली नाही. आमच्या अनसिंगात घर बांधा की देऊळ, दार उगवतीलाच. आणि मिस्त्रीनं उभ्या आयुष्यात मशिदी बांधल्या, तिथं तर समोरची भिंत पश्चिमेलाच पाहिजे. हिंदूला बरोबर वाटलं, मुसलमानाला बरोबर वाटलं. ज्यांचं चर्च, ते वावरात होते.

काल तुझे बाबा, म्हणजे आमचे इंद्रभानकाका, परत आले. पिशवी हातातच होती.

"वेदी कुठंसा हाय?" काकांनी विचारलं.

मिस्त्रीनं मोठ्या ऐटीत पश्चिमेचा ओटा दाखवला. "ये देखो इंद्रभानभाऊ. काला पत्थर हाय, हलनार नाई."

काकांनी पिशवी खाली टाकली. मग बोलायला लागले ते थांबेनात. "माह्या आजानं सूर्याकडं तोंड करून प्रार्थना केली, माह्या बापानं केली. आता मी मावळतीले तोंड करून उभा राहू काय?"

"खुदा काय एकाच बाजूले बसते का, भाऊ?"

"मंग पुढच्या मशिदीचं दार तू पश्चिमेले करजो. पाह्यतो मी!"

तेवढ्यात तुझी तुळसाआजी काठी टेकत आली आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "काहून रे, दोन वर्सं शिकून बी तुले घराचं तोंड कोन्तं आन पाठ कोन्ती हे समजत नाई?" बाया हसल्या. मी तेही सोसलं असतं. पण काका म्हणाले, "त्याले काय इचारता? दिवसभर त्या जोत्यावर हरीओम, हरीओम अशा आरोळ्या चालू राह्यतात. देवाले काय वाटत असन?"

"काका, माझं नाव आहे ते. मिस्त्री दगड मागतो."

"तेच तं म्हनतो मी."

सगळी मंडळी हसली. माझं डोकं फिरलं. थापी फेकली. पुढं काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, तुला घरून कळेलच. काका म्हणाले, पाडा सगळं. मिस्त्री म्हणाला, पाडा, पण पुन्हा मी बांधणार नाही. आणि मी सकाळी बॅग भरली.

मागच्या वर्षी वाशिमच्या स्टँडवर मी तुला म्हणालो होतो की चल, लग्न करू, मी उद्या बाप्तिस्मा घेतो. तेव्हा तू काय म्हणालीस ते मला रोज आठवतं. "तू रागात बाप्तिस्मा घेशील आन रागातच सोडशील. कॉलेज सोडलं तसं. आधी एक काम शेवटापर्यंत करून दाखव, मंग बोल." मी तुमच्या गावात त्याच्यासाठीच आलो होतो. मिस्त्रीच्या हातापाया पडून या कामावर लागलो ते दगडाच्या प्रेमानं नाही.

तर झालं. तू जिंकलीस. गाडी आली वाटतं.

हरीओम


तुमचं गाव
१८ डिसेंबर २०२५

प्रिय वर्षाराणी,

सलाम. थंडी कशी आहे तिकडं? इथं सकाळी पाण्यात हात घालवत नाही. तुळसाआजी मजेत आहे, तुझ्या शेळीला दोन पिल्लं झाली, एक पांढरं, एक काळंभोर. काळ्याचं नाव पोरांनी हरीओम ठेवलं आहे.

मागचं पत्र मिळालं असेल आणि तू मनात म्हणाली असशील, गेला. मी गेलो नव्हतो. म्हणजे पत्र पेटीत टाकलं, गाडीत चढलो, खिडकीची जागाही मिळाली. इतक्यात रहमतुल्ला मिस्त्री स्कूटर घेऊन गाडीला आडवा. कंडक्टर ओरडतो आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे. मला वाटलं, माझी समजूत काढायला आला.

"माझा पाइप दे," मिस्त्री म्हणाला.

लेव्हल पाहायचा त्याचा पारदर्शक पाइप, पाणी भरून धरतात तो. रागारागात मी कपड्यांबरोबर तोही बॅगेत कोंबला होता. सगळ्या गाडीसमोर बॅग उघडली आणि बनियनच्या गुंडाळीतून पाइप काढून दिला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मिस्त्रीनं पाइप खांद्यावर टाकला आणि जाता जाता म्हणाला, "मी रुसलो तं लोकं म्हनतीन, मिस्त्री रुसला. तू रुसला तं म्हनतीन, पोट्टं होतंच तसं. गलती मेरी थी, तो मैं वापस जा रहा हूँ. तुझं तू पाह्य."

गाडी सुटली तेव्हा मी खाली होतो. स्कूटरवर मागं बसून आलो. रस्त्यात एका खड्ड्यापाशी मिस्त्री म्हणाला, "धरून बस, इंजिनियर."

काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "माफी राहू दे, वेदीचं काय करतं ते सांग." मग मी आणि मिस्त्री जोत्यावर बसलो. जोतं म्हणजे शेवटी लांबट चौकोनच. त्याला तोंड नसतं आणि पाठही नसते. पाडायचं काहीच नव्हतं. पश्चिमेचा ओटा उकलायचा, ते दगड पूर्वेला नेऊन पुन्हा रचायचे आणि दार पश्चिमेला सोडायचं. हे सांगितल्यावर काका बराच वेळ जोत्याभोवती फिरले. मग म्हणाले, "आधी काहून नाई सांगितलं?" मी म्हणालो, "आधी मी ओरडून राह्यलो होतो."

पुढच्या इतवारी उपासना झाल्यावर सगळी मंडळी तशीच थांबली. पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत माणसांची रांग लागली आणि ओट्याचा एकेक दगड हातोहात पुढं सरकला. चांगल्या साड्या नेसलेल्या बाया, काका, मिस्त्रीचे दोन पुतणे. रस्त्यानं जाणारी चार गाववाली माणसं पाहत उभी राहिली आणि थोड्या वेळानं तीही रांगेत शिरली. तुझी आजी खुर्ची टाकून मध्येच बसली होती. प्रत्येक दगडाला हात लावून म्हणायची, "जाय बाप्पा, आपल्या जागी जाय." एका माणसानं विचारलं, "आजी, थकली असशीन?" तर म्हणाली, "दगड तुमी उचलून राह्यले, मी तं नुसता आशीर्वाद देऊन राह्यली."

आधीच्या दारासाठी बांधलेल्या पूर्वेच्या पायऱ्या मात्र राहिल्या. त्या उखडायला मी सब्बल घेऊन गेलो होतो. पण त्या दिवशी सकाळीच गावातले तीन म्हातारे तिथं कोवळ्या उन्हात बिडी ओढत बसले होते. काका त्यांच्याकडं पाहत उभे राहिले. काकांनीच मला पूर्वी सांगितलं होतं की जुनं चर्च पूर्वेच्या गावाकडं पाठ करून उभं होतं, गावातलं कोणी तिकडं फिरकत नव्हतं आणि आपलेही कोणी गावाच्या पारावर बसत नव्हते. मग म्हणाले, "राहू दे. कुठंच जात नाईत पायऱ्या, पन बसाले कामी येतीन." आता रोज सकाळी तिथं जागा धरायला भांडणं होतात.

तुला एक सांगायचं आहे. पण आधी छपराचं ऐक.

छपरावर टिनाचे पत्रे चढले. पावसात प्रार्थना ऐकू येणार नाही म्हणून आतून फळ्या ठोकल्या. जुनी घंटा मलब्यात चेपली होती, ती वाशिमच्या एका लोहारानं ठोकून सरळ केली. आवाज आता जरा भसाडा येतो. आजी म्हणते, म्हातारी झाली बिचारी, घसा बसनारच. रंगावरून तीन बैठका झाल्या. अर्ध्यांना पांढरा पाहिजे, अर्ध्यांना आकाशी. शेवटी बाहेरून पांढरा, आतून आकाशी. दरवाजा काल बसला. सागवानी आहे. मिस्त्रीनं पाइप लावून चौकट तीनदा पाहिली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "पश्चिम हाय न ही? नक्की?"

आता फक्त खिडक्यांना काचा आणि आतला रंगाचा दुसरा हात राहिला आहे. नाताळाच्या आत होतं. मी शिडीवरून उतरतो तेव्हा हाताला चुन्याचा वास असतो आणि मला भूक लागलेली असते. गंमत म्हणजे बरेच दिवस मला कोणाचा राग आलेला नाही. कॉलेज सुटल्याचंही काही वाटत नाही. मिस्त्रीला जानेवारीत पोहरादेवीकडं एका धर्मशाळेचं काम आहे. मला चल म्हणतो. मी हो म्हटलं.

बरं. आता ते.

परवा दुपारी मी आत रंग देत होतो. काका दोन कप चहा घेऊन आले आणि वेदीच्या पायरीवर बसले. मलाही बस म्हणाले. माझ्या नावाचा चहा काकांनी स्वतः आणावा, हे पहिल्यांदाच.

म्हणाले, "इतवारी पास्टर येऊन राह्यले. तुझा बाप्तिस्मा करून टाकू. मंग तुझ्या आन वर्षीच्या लग्नाले मी आडवा येत नाई."

वर्षाराणी, मागच्या वर्षी कोणी एवढं म्हणालं असतं तर मी घागर स्वतःच्याच हातानं डोक्यावर ओतून घेतली असती. शब्द तोंडापर्यंत आला होता. फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "काका, आत्ता नाई."

"काहून?"

"मले तुमची पोरगी पायजे. देव पायजे का नाई, हे मले अजून समजलं नाई. पास्टर इचारतीन, तुझा विश्वास हाय का. मी हो म्हनीन. पन ते हो वर्षाले असन, देवाले नाई. ह्या भिंती माह्या हातच्या हायेत, काका. इथलं पह्यलं खोटं मीच कसं बोलू?"

काकांच्या चहावर साय आली. कपात पाहतच त्यांनी विचारलं, "आन पोरगी हातची गेली तं?"

"गेली तं गेली."

इतकं सरळ निघून गेलं तोंडातून की माझा मीच घाबरलो. बाहेर जाऊन उगाच ब्रश धूत बसलो. वाटलं, काका आता मला गावाबाहेर काढतात. मी ब्रश धुऊन आत आलो तर ते तिथंच बसलेले. म्हणाले, "नाताळाले येजो. मागच्या बाकावर बसजो. मागचा बाक सगळ्याइले चालते." उठून दारापर्यंत गेले आणि वळले. "वर्षीले हे मी सांगनार नाई. ते तुले सांगा लागन."

म्हणून हे पत्र. छपराचं, रंगाचं, शेळीच्या पिल्लाचं सगळं आधी लिहिलं, कारण याच्यापाशी यायला मला धीर होत नव्हता.

तुझ्या बाबांनी दिलेला होकार मी परत केला. तुला न विचारता केला. तुला राग आला तर तो खरा आहे, आणि या वेळी मी उलटून ओरडणार नाही. मी तुमच्यातला कधी होईन की नाही, ते माहीत नाही. होईन तर असा होईन की त्या दिवशी तू गर्दीत नसलीस तरी माझं उत्तर बदलणार नाही. आणि नाही झालो, तर तू मला तसाच घ्यायचा की नाही हे तुझं तू ठरव. एवढं मात्र पक्कं की प्रेम कमी पडलं म्हणून मी नाही म्हटलं नाही. ते इतकं होतं की दुसऱ्या कशाला जागाच दिसत नव्हती.

तेविसाला तुझी गाडी मेडशीला येईल. मी स्टँडवर येणार नाही. आलो तर तुला तिथल्या तिथं काहीतरी बोलावं लागेल, आणि घाईत बोललेल्या शब्दांचं काय होतं ते आपल्या दोघांमध्ये मला जास्त माहीत आहे. तू घरी जा, आजीपाशी बस, झोप काढ. नाताळाच्या सकाळी उपासनेला ये. मी मागच्या बाकावर असेन. वळून पाहायचं की नाही, ते तू ठरव. नाही पाहिलंस तरी मी शेवटच्या प्रार्थनेपर्यंत उठणार नाही.

तुमच्या देवाशी खोटं न बोललेला,
आणि तुझ्याशीही,
हरीओम