सिंकखाली शेवटी बघायचं

४ तारीख

चि. मेहुणेबुवा यांस,
अ. उ. आ. (अर्धे आत्ता, उरलेले काम झाल्यावर.)

पत्र घरी न पाठवता तुझ्या वजनकाट्यांच्या दुकानात पाठवतोय, म्हणजे ते तुझ्याच हाती पडेल. फोन मुद्दाम केला नाही. तुझ्या घरात फोन वाजला की तुझी ताईच उचलते, आणि माझ्या नुसत्या ‘हॅलो’वरून तिला इथला गॅस चालू आहे की बंद हेसुद्धा कळतं.

गोष्ट अशी, की आमचं डिशवॉशर पाणी सोडेना. भांडी धुतं, गुरगुरतं आणि तळाशी गढूळ डबकं ठेवून गप्प बसतं. आता तुला ठाऊकच आहे, ताईच्या मनगटाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी महिनाभर हाताला काम नको म्हणून बजावलं. इथे राहिली असती तर एका हाताने पातेली घासत बसली असती, म्हणून तर तिला तुझ्याकडे धाडली. निघताना मी छाती ठोकून सांगितलं, की घर मी बघतो. मशीन बंद पडल्याचं कळलं तर दुसऱ्या दिवशी ती बॅगेसकट दारात उभी राहील आणि मनगटाचं मातेरं होईल. मेकॅनिकला बोलवावं तर समोरची शेजारीण खिडकीतच बसलेली असते. बातमी मेकॅनिकच्या आधी तुमच्याकडे पोचेल.

बाकी घर चकचकीत आहे. फरशी पुसायच्या औषधाचा वर्षभर पुरेल असा भला मोठा कॅन आणला, आणि कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये असा आत सारूनही ठेवला. मीही काही अगदीच टाकाऊ नाही.

माया पातळ करू नकोस, तोंड मात्र घट्ट मिटून ठेव.
तुझा,
दाजी


६ तारीख

ती. दाजींच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

मेकॅनिकचं नाव काढलंत म्हणून पहिल्यांदा राग आला. मग मला आधी विचारलंत म्हणून गेला.

डिशवॉशर मी आजवर उघडलेलं नव्हतं, हे कबूल. म्हणून पत्र वाचून तडक भंगारवाल्याकडे गेलो आणि एक टाकून दिलेलं मशीन त्याच्या अंगणातच पालथं केलं. मला कुणी शिकवलं नाही. जे येतं ते उघडून, बिघडवून आणि परत जोडून आलेलं आहे. तेव्हा मी लिहितो तसंच्या तसं करा, मधे तुमच्या चष्म्याच्या दुकानातली अक्कल घालू नका.

आधी प्लग काढा. बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे. पाणी वाटीने उपसा, राहिलेलं स्पंजने टिपा. फडकं नको, त्याचे धागे आत जातात. खालची जाळी बाहेर काढलीत की तळात गोल गाळणी दिसेल. ती डावीकडे फिरवून उचला, जुन्या टूथब्रशने घासा आणि उजेडासमोर धरा. भोक न् भोक दिसलं पाहिजे. गाळणीखाली खळगा आहे, खळग्यात झाकण, झाकणाखाली पंपाचं चाक. ते काडीने फिरवून बघा. अडखळत फिरेल. घाबरू नका, आत लोहचुंबक असतं, ते अडखळतच फिरतं.

सिंकखाली शेवटी बघायचं. अडाणी माणूस आधी पाईप ओढतो आणि घराचं तळं करतो. आतून बाहेर, हा माझा नियम.

ताई मजेत आहे. आमच्या हिने घातलेल्या चादरींच्या घड्या तिला पसंत नाहीत, यावरून तब्येत ओळखा. काल जेवताना मी तिला सहज विचारलं, की तुमचं मशीन आणि भिंत यांच्यात अंतर किती. चार बोटं, म्हणाली आणि पोळी वाढून घेतली. संशयाला जागाच ठेवली नाही मी.

लोभ आहेच, पाणी गेलं की दुप्पट करावा.
आपला,
मेहुणा


१० तारीख

चि. इंजिनिअरसाहेब,
अ. उ. आ.

फत्ते झाली असं लिहिणार होतो. फरशीवर आडवा पडून, दातांत टॉर्च धरून सगळं केलं. चाकाजवळ माझ्याच दुकानातली चष्म्याची रबरी नाकपट्टी सापडली! खिशातून आली असणार. नाचायचाच बाकी होतो. जोडलं, चालवलं आणि डबकं पुन्हा जागच्या जागी. नाकपट्टी बिचारी निर्दोष निघाली.

सध्या मी एकाच ताटात जेवतो आणि तेच धुतो. काल ताईचा फोन आला तेव्हा नेमका बेसिनपाशी होतो. भांड्यांचा आवाज कसला, म्हणाली. रेडिओ, म्हणालो. कुठलं स्टेशन, म्हणाली. मी घाईघाईने कॅन आणल्याचं सांगून विषय बदलला.

आता सिंकखाली बघू का?

आहे तो जिव्हाळा टिकव. माझा धीर काही टिकत नाही.
दाजी


१२ तारीख

ती. दाजींना,
सा. न. वि. वि.

अजिबात नको. पंपाच्या पुढे रबरी पडदा असतो, गेलेलं पाणी उलट येऊ नये म्हणून. आधी तो बघा. क्रम म्हणजे क्रम.

घाईत आहे. ताईने आज मला कपाटावरची बॅग खाली काढायला लावली. कशाला, विचारलं तर म्हणाली, तुला चार बोटं कशाला हवी होती? मला सगळं सांगावं लागलं, दाजी. तिच्यापुढे आपलं आजवर काही चाललंय का?

रागवा, पण तोडू नका.
मेहुणा


१२ तारीख

अहो,
नमस्कार वि. वि.

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसाल तर याद राखा.

तो कॅन सिंकखालून काढा. कुठे ठेवलात, असं मी फोनवर विचारलं तर म्हणालात, डोळ्यांवर येत नाही अशा जागी. आपल्या स्वयंपाकघरात तशी जागा एकच आहे, आणि डिशवॉशरचा पाईप तिथूनच जातो. कपाटाचं दार लागेना म्हणून तुम्ही गुडघ्याने रेटला असणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुमचा गुडघा मी ओळखते.

बॅग मी भरली होती, खोटं कशाला बोलू. पण धाकट्याने सगळं सांगितलं. तुम्ही दातांत टॉर्च धरून आडवे काय पडलात, गाळणी काय घासलीत, रोजचं ताट काय धुताय, आणि माझ्यापाशी अवाक्षर नाही. मग मी बॅगेतल्या साड्या परत कपाटात ठेवल्या. जो माणूस एवढं करतो, त्याचं माझ्यावाचून महिनाभर अडणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढे दिवस राहूनच येईन.

धाकट्याला मात्र मी सुचवलं असं कळवू नका. भंगारात बसून त्याने हातभर ग्रीस लावून घेतलंय. त्याच्या क्रमानेच सापडलं, म्हणा.

जीव लावता तसाच लावत राहा, फक्त लपवून नको.
तुमचीच


१५ तारीख

चि. मेहुणेबुवा,
उरलेले अर्धे आशीर्वाद सोबत जोडले आहेत.

रबरी पडदा बघितला, ठीक होता. मग तुझ्या क्रमाप्रमाणे अगदी शेवटी सिंकखाली गेलो. कॅनने पाईप चेपला होता. कॅन काढला मात्र, पाणी असं धावलं, जणू शाळा सुटली! तुझी पद्धत बिनतोड आहे.

दाजी


१७ तारीख

ती. दाजींना,
सा. न. वि. वि.

सिंकखाली शेवटी, हे मी सहा तारखेलाच लिहिलं होतं. पत्र जपून ठेवा.

आता एक विचारू? ताईचं डाव्या हाताचं पाकीट मीच पेटीत टाकलं होतं. ते तुम्हाला मिळालं आणि त्याच दिवशी क्रमाने सिंकची पाळी आली. वजनकाटेवाला आहे मी, दाजी. पारडं कुणी बोटाने दाबलं तर मला कळतं. पण ताईने दाबलं असेल तर ते वजन मी मोजत नाही, पदरात पाडून घेतो.

ती आत्ता आमच्या खिडकीशी बसून, मनगट उशीवर ठेवून, माझ्या काट्यांवरची धूळ कुठे कुठे राहिलीय ते सांगतेय. बॅग पुन्हा कपाटावर गेली आहे. मीच चढवली, आणि जरा मागे सारली.

माझ्या नियमात मात्र एक बदल केलाय. आतून बाहेर, हे कायम. त्याच्याही आधी ताईला विचारायचं.

लोभ दुप्पट झाल्याचं कळवावं.
आपला,
मेहुणा