दोनशे बारा नंबरची मोटार

प्रिय दादा,

तू असताना मी तुला आयुष्यात एकच पत्र पाठवलं, आणि तेही वकिलाच्या हातून. हे दुसरं.

उद्या सकाळी मोजणीदार साखळी घेऊन आपल्या वावरात उतरणार आहे. त्याला मीच बोलावलं होतं, तू हिंडता-फिरता असताना. तुला जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले, पण माणूस गेला म्हणून सरकारी तारीख थांबत नाही. उद्याच्या आत मला एक गोष्ट ठरवायची आहे, आणि ज्याला विचारायला हवं तोच नाही. म्हणून लिहायला बसलो. मला लिहिता येत नाही, हे तुला माहीत आहे. दवाखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहितो तेवढंच माझं लेखन.

बाबांच्या माघारी वाटणी झाली तेव्हा आपल्यात एक शब्दही वाढला नव्हता. शेत एकच, सर्व्हे नंबर दोनशे बारा. मधोमध धुऱ्याचा बांध. उगवतीकडचा हिस्सा एक माझा, मावळतीकडचा हिस्सा दोन तुझा. विहीर सामाईक. पटवाऱ्याने दोनशे बाराच्या पुढे एक तिरकी रेघ ओढली, रेघेपुढे कुठे एक लिहिला, कुठे दोन. संपलं. मी अमरावतीला कंपाउंडर, म्हणून माझा हिस्साही तूच वाहायचास. दोन्हीकडे संत्र्याची झाडं तूच लावलीस. बहार उतरला की माझ्या वाट्याच्या पेट्या दारात येऊन पडायच्या. मला कधी विचारावं लागलं नाही. हे मी आज कबूल करतो.

मग तू मोटार घेतलीस.

मला ते कोणी सांगावं? चांदूर बाजारचा एक रोगी! खोकल्याचं औषध घेताना म्हणाला, "कंपाउंडर साहेब, तुमचं वावर काल बाजारात पाह्यलं."

"वावर? बाजारात?"

"हो ना! सडकेनं पळून राह्यलं होतं! मांगं धूळ, पुढं भोंगा. दोनशे बारा नंबर लिहेल हाय त्याच्यावर."

रांगेतली माणसं हसली. मीही हसल्यासारखं केलं. पण बाटलीला बूच लावता लावता तोच आकडा मनात घोळू लागला. दोनशे बारा? नुसतं दोनशे बारा? मग रेघेपुढचा माझा एक कुठे गेला?

तू म्हणशील, मोटारीच्या पाटीवर तिरकी रेघ कशी येईल रे म्हाद्या? खरं आहे. मलाही ते कळत होतं. पण संशय एकदा आत आला की कळण्याला कोण विचारतं!

चौकशी केली तेव्हा तो वाढलाच. तू आधी मोटारी नोंदवायच्या कचेरीत जाऊन हा नंबर मागितला होतास. त्यांनी सांगितलं, नंबर ओळीने मिळतात, मागून मिळत नाहीत, आणि दोनशे बारा तर केव्हाच दिलेला आहे. शहाणा माणूस परत आला असता. तू तो नंबर कोणाच्या मोटारीवर आहे ते शोधत अकोल्याला गेलास. मोटार विकली तरी नंबर तिच्या अंगावरच राहतो, म्हणून नंबरासाठी अख्खी मोटार घेतलीस! तीही कशी? कापडी टप फाटलेला, एक दिवा आंधळा. आपल्या गावच्या चढावर तिला माणसं ढकलायची. तेवढ्या किमतीत बरी गाडी मिळाली असती, असं जो तो म्हणाला. मग तुला मोटार हवी होती, की पाटी?

आणि पुढची-मागची पाटी कमी पडली म्हणून की काय, तू रंगाऱ्याकडून दोन्ही दारांवर वीतभर उंचीचे आकडे काढून घेतलेस, मराठीत. दारांवर कशाला दादा? कचेरीला पुढची-मागची पाटी पुरते. दारावरचा नंबर कोणाला दिसायला हवा होता?

कमला मला म्हणाली, "भाऊजींना सरळ विचारा ना." माझी बायको साधी आहे. मी तिला गप्प केलं. मला वाटत होतं, ही सुरुवात आहे. आधी मोटारीवर अख्खा नंबर, मग लोकांच्या तोंडी अख्खा नंबर, मग पटवाऱ्याच्या कागदावर. दहा वर्षं माझी जमीन तू वाहत होतास. गावात कोणाला विचारलं असतं दोनशे बारा कोणाचं, तर तुझंच नाव आलं असतं.

दिवाळीत तू अमरावतीला आलास. गल्लीच्या तोंडापासून भोंगा वाजवत! शेजारपाजारची दारं उघडली. तू उतरलास, पागोट्यावरची धूळ झटकलीस आणि कमलाच्या हाती संत्र्यांची टोपली दिलीस. मग दाराच्या आकड्यांवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलंस.

"नंबर पाह्यला का?"

"पाहिला."

"मंग?"

"मग काय?"

तू मोटारीचं दार उघडून धरलंस. "चाल, बस. बडनेऱ्यापर्यंत चक्कर मारून येऊ."

"मला दवाखाना आहे."

"सणाचा?"

"आहे."

"बरं बाप्पा, नको बसू!" असं म्हणून तू मोटारीत बसलास. मोटार सुरू होईना. तू दोनदा उतरून हँडल मारलंस आणि मी उंबऱ्यावर उभा राहून पाहत राहिलो. ढकलायलाही आलो नाही. शेवटी शेजाऱ्यांनी ढकलली.

"मंग?" असं तू मला कशासाठी विचारलं होतंस? बघ, आता काय करतोस, असं म्हणायचं होतं? की आवडला का, असं? एका शब्दाने तुझं काय गेलं असतं? तू सगळ्या बाजारात बडबडायचास, आणि माझ्यापुढे तुझ्या तोंडाला कुलूप! मी लहानपणापासून कमी बोलणारा. तुला ते ठाऊक होतं. मग बोलायची पाळी तुझी नव्हती का?

पंधरा दिवसांनी मी नोटीस पाठवली. हिस्सा एकची मोजणी व्हावी, धुरा सरकला असल्यास पूर्ववत करावा, यापुढे आमच्या अशिलाच्या परवानगीशिवाय वगैरे वगैरे. वकिलाने वाचून दाखवली तेव्हा 'आमचे अशील' म्हणजे मी, आणि 'सामनेवाले' म्हणजे तू, हे समजायला मला जरा वेळ लागला. तरी सही केली.

तू उत्तर दिलं नाहीस. त्याचाही मी अर्थ काढला. चोराजवळ कसलं उत्तर असणार! असं मी मनात म्हणालो. ते शब्द माझेच आहेत, म्हणून इथे लिहितो.

पेट्या मात्र त्या बहारालाही आल्या. आणि मी, दादा, त्या मोजल्या. आधी कधी मोजल्या नव्हत्या.

मग ताप. अकरा दिवस तू विषमज्वराने फणफणत होतास आणि मला कळलं बाराव्या दिवशी, तेही सरणावर ठेवायच्या वेळी. मी दवाखान्यातला माणूस! डॉक्टरांना घेऊन दोन तासांत आलो असतो. वैनीला मी रागावून विचारलं, मला का नाही बोलावलं? ती म्हणाली, "मी म्हटलं होतं, म्हादूभाऊजीले बोलावू का? तर म्हणाले, राहू दे, तो नोटीस घेऊन येईन."

ताप असताना तू हे हसत म्हणालास की कडू तोंडाने, हे मी तिला विचारू शकलो नाही. तू असाच होतास. तुझी थट्टा कुठे संपते ते कधी कळू द्यायचं नाही.

दहाव्याला अकोल्याहून ते डॉक्टर आले, ज्यांची मोटार तू घेतलीस. भेटायला म्हणून आले आणि माझ्याशेजारी बसले. त्यांनी सांगितलं, तू त्यांच्या मोटारीच्या पायरीवर दोन तास बसून होतास. ते बाहेर आले तर म्हणालास, "हे इकता का?" ते म्हणाले, मोडकी आहे, नवी घ्या. तर तू म्हणालास, "नवीवर हा नंबर नाई." त्यांनी विचारलं, या नंबराचं एवढं काय आहे? तू म्हणालास, "एका जणाले दाखवाचा हाय."

तो एक जण कोण? मीच ना? पण काय दाखवायचं होतं? मी डॉक्टरांना विचारलं, हे म्हणताना त्याचा चेहरा कसा होता? त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. म्हणाले, "गिऱ्हाइकाचा असतो तसाच."

सत्तेचाळीस दिवस मी हेच उलटंपालटं करतो आहे. एकदा वाटतं, तुला ती मधली रेघ नको होती. बाबांच्या वेळचं एकच दोनशे बारा तुला पुन्हा डोळ्यांनी बघायचं होतं, मलाही त्यात बसवून. लगेच दुसरं मन म्हणतं, रेघ नकोच होती त्याला, म्हणजे अख्खं वावर हवं होतं! दोन्ही गोष्टींना पुरावा तोच. पाटी तीच, दारं तीच, तुझे शब्द तेच. तू गेलास म्हणून मी तुला देव करणार नाही. पण चोर म्हणायलाही आता जीभ उचलत नाही.

परवा मी गावी गेलो होतो. धामणगावचे एक शेटजी मोटार बघायला आले होते. डागडुजी करून ती अमरावती-अकोला सडकेवर भाड्याने चालवायचा त्यांचा विचार. वैनीचा होकार झाला होता. घरात दोन पोरी आणि छपरीत उभी असलेली, पेट्रोल पिणारी वस्तू. तिने काय करावं? रीत म्हणून तिने मला विचारलं, "भाऊजी, तुमचं काय म्हणणं?"

"विकायची नाही," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. शेटजी म्हणाले, "नंबरासाठी म्हणता का? दारावरचे आकडे खरवडून टाकू. पाटीवरचा मात्र राहणार."

तेच तर! कोणीही भाडं देऊन आपल्या दोनशे बारावर बसणार, पान थुंकणार, अकोल्याच्या नाक्यावर तिला शिव्या घालणार. मी पुन्हा म्हणालो, "नाही."

शेटजी उठून गेले. वैनी चुलीपुढून उठली नाही. माझ्याकडे न बघताच बोलली.

"कावून नाई, भाऊजी?"

मी छपरीतल्या मोटारीकडे पाहिलं.

"तुमाले मोटार चालवता येत नाई. ठेवायले तुमच्या घरी जागा नाई. मंग तुमाले ते कायले पायजे?" मग तिने मान वर केली. "खरं सांगा. आधी वावराची मोजणी, आता मोटार इकू देत नाई. तुमच्या मनात हाय तरी काय? आमच्या ताब्यात काहीच राहू द्याचं नाई का?"

दादा, मी शपथेवर सांगतो, माझ्या मनात तसं काही नव्हतं. नव्हतंच ना? तो नंबर दुसऱ्याच्या हाती जाऊ नये एवढंच वाटलं. तो तुझा म्हणून वाटलं की माझा म्हणून, हे मी तिथे उभा राहून शोधलं आणि मला सापडलं नाही. तिला द्यायला माझ्याजवळ कसलाही पुरावा नव्हता. जे म्हणालो असतो त्यावर तिला वाटलं असतं, हो, बोलणारच असं! आणि तिचं चूक काय? माझी नोटीस तिच्या घरात आहे. माझा मोजणीदार तिच्या बांधावर येणार आहे. ज्या नजरेने मी दीड वर्ष तुझ्याकडे पाहिलं, त्याच नजरेने ती माझ्याकडे पाहत होती. ती नजर अंगावर कशी लागते ते मला परवा कळलं. तू ती दिवाळीच्या दिवशी गल्लीत, सगळ्यांदेखत, हँडल मारता मारता सोसलीस. आणि तरी पेट्या पाठवल्यास.

मी काही न बोलता निघून आलो. नेहमीसारखा.

स्वतःच्या मनात एका नंबराचं काय आहे हे मला धड सांगता येत नाही, आणि तुझ्या मनात काय होतं ते मी वकिलाकडून लिहून घेतलं होतं! साखळी टाकली तर धुरा कुठे आहे ते कळेल. कदाचित तो माझ्या अंगाला सरकलेला निघेल, कदाचित तुझ्या. दोन्ही निकालांची मला भीती वाटते. माझा संशय खरा ठरला तरी मी तो कोणाला ऐकवणार? आणि खोटा ठरला तर कोणाकडे तोंड दाखवणार?

तू वावर खायलाच निघाला असतास, तर तेही मला तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं. भांडलो असतो. बोललो तरी असतो.

म्हणून ठरवलं ते असं. उद्या ऊन चढायच्या आत मी धुऱ्यावर असेन. मोजणीचा अर्ज मागे घेतल्याचं मोजणीदाराला लिहून देईन आणि नोटीस मागे घेतल्याचा कागद वैनीच्या हाती देईन. मोटार तिची आहे. ठेवायची की विकायची ते ती ठरवेल, आणि विकली तर शेटजींच्या दारी मीच सांगावा घेऊन जाईन. मग तिच्यासमोर बसून सगळं बोलेन. तुझ्यावर घेतलेला संशय, चोर म्हटलेलं, पेट्या मोजलेल्या, परवा 'नाही' का म्हणालो ते मलाच ठाऊक नाही हेसुद्धा. एक शब्द गाळणार नाही. ती विश्वास ठेवणार नाही, असं मला वाटतं. तरी मी उठून जाणार नाही, दादा. ती विचारील त्याला उत्तर देत तिथेच बसेन.

तुझा धाकटा भाऊ,
महादेव